४४०००१ : नागपूर जीपीओच्या पिनकोडचं गणित (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या रविवारच्या गणितवर्गात गेले काही महिने एकच संख्या फळ्यावर आहे: ४४०००१. मुलं विचारतात, त्यांना सोडायला आलेले आईबाबा विचारतात आणि उत्तरं ऐकून शेजारपाजारचेही विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सातवी-आठवीचं गणित आठवत असेल तर सगळं समजेल. वही-पेन मात्र जवळ ठेवा.

हीच संख्या का?

कारण ती गणितासाठी कोणीच निवडलेली नाही. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतातले कवीही. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा हा पट्टा. ४४ म्हटलं की आपण विदर्भात येतो, ४४० म्हणजे नागपूर, आणि शेवटचे ००१ म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं मुख्य टपाल कार्यालय. पत्रांची वर्गवारी सोपी व्हावी एवढाच हेतू.

तरीही हे सहा अंक ओळीने लिहून एक पूर्ण संख्या तयार झाली की तिला अवयव असतात, ती कोणत्या तरी वर्गांची बेरीज असते किंवा नसते, आणि यातलं काहीही टपाल खात्याच्या हातात नसतं. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. शिवाय आकार सोयीचा आहे: नुसतं पाहून काही सांगता येऊ नये इतकी मोठी, आणि एका संध्याकाळी हाताने उलगडता यावी इतकी लहान.

ती मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटी १ आहे, मधे शून्यं आहेत, त्यामुळे बहुतेक जण पहिल्यांदा "हो" म्हणतात. पण अंकांची बेरीज करा: ४ + ४ + ० + ० + ० + १ = ९. म्हणजे ९ ने भाग जातो.

४४०००१ = ९ × ४८८८९

अंकांची बेरीज ९ आली की भाग जातोच, असं का?

हा नियम सगळ्यांना पाठ असतो, कारण फार थोड्यांना सांगितलेलं असतं. म्हणून इथे पूर्ण लिहितो. १००००० म्हणजे ९९९९९ + १, आणि १०००० म्हणजे ९९९९ + १. आता,

४४०००१ = ४ × १००००० + ४ × १०००० + १
= (४ × ९९९९९) + (४ × ९९९९) + (४ + ४ + १)

पहिल्या दोन कंसांना ९ ने भाग जातोच. तेव्हा सगळा निकाल शेवटच्या कंसावर, म्हणजे अंकांच्या बेरजेवर, येऊन ठरतो. यातून हेही दिसतं की अंकांची जागा बदलली तरी फरक पडत नाही. १४४०००, ४०४१००, ४००१०४ या सगळ्यांना ९ ने भाग जातो.

इथे एक भेद मनात पक्का करून घ्या, कारण पुढे तो सारखा लागणार आहे. ९ ने भाग जाणं हा संख्येचा गुण आहे. ४४०००१ पोस्टकार्डं नऊ-नऊच्या गठ्ठ्यांत बांधली तर एकही सुटं उरणार नाही, मग मोजणारा कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीने मोजो. अंकांची बेरीज ९ येणं हा मात्र आपण ती संख्या दहाच्या पायावर लिहितो त्याचा गुण आहे. लिहिण्याची पद्धत बदलली की ती बेरीज बदलते.

४८८८९ चे पुढे अवयव पडतात का?

वर्गात सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर जातो आणि तो जावा असंच मला वाटतं. अंकांची बेरीज ३७, म्हणजे ३ ने भाग जात नाही. २ आणि ५ शेवटच्या अंकावरूनच बाद. बाकीच्या मूळ संख्यांनी एकेक करून भागून पाहावं लागतं.

कुठपर्यंत? २२१ चा वर्ग ४८८४१ आणि २२२ चा ४९२८४, म्हणजे ४८८८९ चं वर्गमूळ २२१ च्या किंचित पुढे आहे. संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल तर ते दोन्ही २२१ पेक्षा मोठे असू शकत नाहीत. मग गुणाकार ४८८८९ च्या पुढे जाईल. तेव्हा २२१ पर्यंतच्या मूळ संख्या पुरेत. त्या ४७ आहेत, शेवटची २११.

आम्ही त्या मुलांमध्ये वाटून टाकतो. पहिली हळहळ ७ लाच होते: ७ × ६९८४ = ४८८८८. बाकी एक! "सर, एकच उरलं नं!" ९७ घेतलेल्या मुलालाही तेच: ९७ × ५०४ = ४८८८८, पुन्हा बाकी एक. हा योगायोग नाही. ४८८८८ = ७२ × ७ × ९७, त्यामुळे त्याच्या पुढच्या संख्येला ७ आणि ९७ दोघेही एकेकच बाकी ठेवणार. १९, ३१ आणि ८३ प्रत्येकी २ बाकी ठेवतात. १९१ फक्त ७ ने हुकतो: १९१ × २५६ = ४८८९६. शेवटी २११ × २३१ = ४८७४१, बाकी १४८. सत्तेचाळीसही भागाकार झाले आणि एकदाही बाकी शून्य आली नाही. म्हणजे ४८८८९ मूळ आहे.

भागाकार चुकला असेल तर? त्यासाठी ताळा ठेवतो. उदाहरणार्थ १४९: ४८८८९ भागिले १४९ केल्यावर बाकी १७ येते. मग मूळ ४४०००१ ला १४९ ने भागल्यावर बाकी १७ च्या नऊपट, म्हणजे १५३, आणि त्यातून १४९ वजा जाता ४ यायला हवी. वेगळा भागाकार करा: १४९ × २९५३ = ४३९९९७, बाकी ४. जुळलं. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आलं की हाताने केलेल्या कामावर भरवसा बसतो.

तेव्हा पूर्ण अवयव असे:

४४०००१ = ३ × ३ × ४८८८९

मोबाइल हे क्षणात सांगतो. मग हाताने का?

सांगतो आणि बरोबर सांगतो. पण "मूळ आहे" हे उत्तर आणि "मूळ का आहे" हे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २२१ पर्यंतच का थांबायचं हे एकदा स्वतःच्या हाताने कळलं की ते विसरत नाही. संगणकाच्या मागेही माणसांनी शोधलेल्या पद्धतीच असतात. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे अंदाजाचा आधार न घेता, आणि संख्या वाढली तरी आटोक्यात राहील इतक्या पायऱ्यांत ठरवणारी पहिली पद्धत २००२ मध्ये आपल्याच देशात, आयआयटी कानपूरमध्ये, मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.

एकूण विभाजक किती?

फक्त सहा: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७ आणि ४४०००१. स्वतःला सोडून बाकीच्या पाचांची बेरीज १९५५६९, म्हणजे संख्येच्या निम्मीही नाही.

आता अलीकडची संख्या पाहा. ४४०००० = २⁶ × ५⁴ × ११, तिला ७० विभाजक आहेत. एक मिळवला आणि सत्तरचे सहा झाले! लागोपाठच्या दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतोच, त्यामुळे ४४०००० चा एकही अवयव पुढे येऊ शकत नाही. पलीकडची ४४०००२ = २ × १९ × ११५७९. तिघी एकमेकींना चिकटून उभ्या, पण मधलीचा आतून दोन्ही शेजारणींशी काही संबंध नाही.

तिला दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतं का?

येतं, आणि या संख्येचा मला सगळ्यात आवडणारा गुण हाच आहे.

४४०००१ = २२५² + ६२४²

ताळा करा: ५०६२५ + ३८९३७६ = ४४०००१. त्यातही २२५ हा स्वतः १५ चा वर्ग, आणि ६२४ म्हणजे २५ च्या वर्गाला एक कमी.

हे सापडतं कसं? ६६३ चा वर्ग ४३९५६९, म्हणून दोन्ही संख्या ६६३ पर्यंतच असणार. आंधळेपणाने शोधलं तर कंटाळा येईल. पण आधी बाक्या पाहा. कोणत्याही वर्गाला ३ ने भागलं तर बाकी ० किंवा १ च येते. आपल्या संख्येची बाकी ०, म्हणून दोन्ही वर्गांची बाकी ० च हवी. दोन्ही संख्या ३ च्या पटीत. वर्गाला ५ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ४. आपल्या संख्येची बाकी १, आणि ती फक्त ० + १ अशीच जमते. म्हणजे दोघांपैकी एक संख्या ५ च्याही पटीत. तेव्हा एक संख्या १५ च्या पटीत असलीच पाहिजे. ६६३ पर्यंत अशा ४४ च आहेत: १५, ३०, ४५, ६०… प्रत्येकीचा वर्ग ४४०००१ मधून वजा करायचा आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं. पंधराव्या प्रयत्नाला, १५ × १५ म्हणजे २२५ ला, ६२४ चा वर्ग हातात येतो. उरलेल्या पटीही पाहून घेतल्या की आणखी एक गोष्ट सिद्ध होते: याशिवाय दुसरी जोडी नाही.

मुलांना मी सांगतो, शोधण्याआधी नाकारायला शिका. ६६३ शक्यतांच्या ४४ झाल्या त्या दोन साध्या बाक्यांमुळे.

प्रत्येक संख्या अशी लिहिता येते का?

नाही. १६४० मध्ये फ्रेंच गणिती फेर्मा यांनी सांगितलं की ४ ने भागून १ बाकी ठेवणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. सिद्धता पुढे अठराव्या शतकात ऑयलर यांनी दिली. ४८८८९ ला ४ ने भागलं की बाकी १ येते, म्हणून तिला जोडी आहे: ७५² + २०८². ती तिप्पट केली की २२५ आणि ६२४.

३ मात्र ४ ने भागल्यावर बाकी ३ ठेवतो. असे मूळ अवयव जोडीनेच यावे लागतात, नाहीतर बेरीज जमत नाही. आपल्या संख्येत ३ दोनदा आला म्हणून निभावलं. १४६६६७ = ३ × ४८८८९ ही संख्या कितीही शोधलं तरी दोन वर्गांत मोडत नाही.

यातूनच एक काटकोन त्रिकोणही मिळतो. ६२४² वजा २२५² = ३३८७५१, आणि २ × २२५ × ६२४ = २८०८००. हे दोन भुज घेतले तर कर्ण बरोबर ४४०००१ येतो. पायथागोरसचं त्रिकुट, आणि कर्णाच्या जागी आपला जीपीओ. तिन्ही बाजूंना ९ ने भाग जातो, त्यामुळे त्रिकुटाचं सगळ्यात लहान रूप ३१२००, ३७६३९, ४८८८९.

वर्गांची वजाबाकी म्हणून?

तीन प्रकारे येते, कारण सहा विभाजकांच्या तीन जोड्या होतात: २२०००१² − २२००००², ७३३३५² − ७३३३२² आणि २४४४९² − २४४४०². फेर्मा यांची अवयव काढण्याची पद्धत याच वजाबाकीवर चालते: ६६४ पासून वर्ग घ्यायचे, त्यातून संख्या वजा करायची आणि पूर्ण वर्ग उरेपर्यंत पुढे जायचं. इथे २४४४९ पर्यंत जावं लागेल. अवयव जवळजवळ सारखे असतील तेव्हाच ती पद्धत कामाची; ९ आणि ४८८८९ इतके दूर असतील तर साधा भागाकारच बरा.

कापरेकरांचा या संख्येशी काय संबंध?

त्यांनी ही संख्या पाहिली होती असं मी म्हणत नाही. पण दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) या नाशिकजवळच्या देवळालीतल्या शाळामास्तरांनी अंकांच्या ज्या गमती जगाला दिल्या, त्यातल्या दोन-तीन इथे छान दिसतात.

एक, हर्षद संख्या. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. हे नाव कापरेकरांचंच. आपल्या संख्येची बेरीज ९, भाग जातो. म्हणजे जीपीओचा पिनकोड हर्षद आहे.

दोन, संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत जाणं. ४४०००१ + ९ = ४४००१०. हा कोणाचा पिनकोड? शंकरनगर-धरमपेठेचा! हे पहिल्यांदा फळ्यावर आलं तेव्हा धरमपेठेतल्या पोरांनी बाकं वाजवली होती. पुढे ४४००१९, मग ४४००३७. आणि मागे गेलं तर? कोणत्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की ४४०००१ येईल? उत्तर ४३९९६५: अंकांची बेरीज ३६, मिळवा. अशी मागची संख्या जिला नसतेच तिला कापरेकर स्वयंभू म्हणत. आपली संख्या स्वयंभू नाही.

तीन, त्यांची प्रसिद्ध वजाबाकी. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. चार अंकी संख्येचे सगळे अंक सारखे नसतील तर ती शेवटी ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकी संख्येचं तसं नाही. ४४१००० − ०००१४४ = ४४०८५६. पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि ४२०८७६. इथून पुढे फेरा सुरू होतो: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. सात संख्यांचं हे वर्तुळ कधी सुटत नाही. प्रत्येक वजाबाकी स्वतः करून पाहा. उत्तराची अंकबेरीज ९ च्या पटीत आली नाही, तर कुठेतरी चुकलंय.

हे तिन्ही गुण लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत, दोन वर्गांच्या बेरजेसारखे संख्येच्या आतले नाहीत. काही लोक त्यामुळे त्यांना कमी लेखतात. मला ते पटत नाही. कापरेकरांनी कागद-पेन्सिलीवर जे शोधलं ते आजही पाचवीतल्या मुलाला गणितात ओढून आणतं.

१७२९ चा काही संबंध आहे म्हणे?

आहे, आणि तो फार देखणा आहे. ४४०००१ ला ४०९६ ने भागा: भागाकार १०७ आणि बाकी १७२९! इंग्रज गणिती हार्डींच्या टॅक्सीचा तोच नंबर, १³ + १२³ आणि ९³ + १०³ म्हणून रामानुजनांनी ओळखलेला. ४०९६ हा १६ चा घन आहे, त्यामुळे संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायावर (तिथे १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं वापरतात) ४४०००१ लिहिलं तर ते ६बी६सी१ असं होतं, आणि त्यातलं शेवटचं ६सी१ म्हणजे १७२९.

यामागे काही खोल कारण आहे का? नाही. ४४०००० आणि १७२८ या दोघांनाही ६४ ने भाग जातो, म्हणून निम्मी वाट आधीच कापलेली होती. त्यानंतर ६४ मध्ये एक एवढाच योग जमायला हवा होता आणि तो जमला. प्रसिद्ध संख्या अनेक आहेत, भागून पाहायच्या संख्याही अनेक. शोधत राहिलं की काहीतरी सापडतंच. बघून आनंद घ्यावा, पण सिद्धतेच्या पंगतीत त्याला बसवू नये.

४४१, ४४०१, ४४००१… या ओळीत काही नियम आहे का?

आहे. लिहून पाहा:

४४१ = ९ × ४९
४४०१ = ९ × ४८९
४४००१ = ९ × ४८८९
४४०००१ = ९ × ४८८८९
४४००००१ = ९ × ४८८८८९

एक शून्य वाढवलं की उजवीकडे एक ८ वाढतो. हा नियम कधीच मोडत नाही. पण उजवीकडची संख्या मूळ आहे का, याला असा नियम नाही. ४९ मूळ नाही, ती ७ चा वर्ग. ४८९ = ३ × १६३. ४८८९ मूळ, ४८८८९ मूळ. इथे मुलं लगेच म्हणतात, "आता पुढच्या सगळ्या मूळ!" पण ४८८८८९ च्या अंकांची बेरीज ४५, म्हणजे ३ ने भाग गेला. एक ८ असेल, चार असतील, सात असतील, दर तीन पावलांनी ३ आडवा येतोच. दोन उदाहरणं जुळली म्हणून तिसरं गृहीत धरू नये, हे शिकवायला यापेक्षा चांगली ओळ मला मिळालेली नाही.

मग नागपूरचा कोणता पिनकोड मूळ आहे?

४४०००१ ते ४४००३७ यांत फक्त दोन मूळ संख्या आहेत: ४४०००९ आणि ४४००२३. रेशीमबाग-हनुमाननगरवाल्यांनी आणि वाडीवाल्यांनी याचा अभिमान खुशाल बाळगावा. या आकाराच्या संख्यांत साधारण दर तेरांमागे एक मूळ सापडते, म्हणजे सदतीसांत तीनच्या आसपास अपेक्षित होत्या. दोन मिळाल्या.

चकवणारे बरेच आहेत. ४४०००३ दिसते मूळ, पण ती २५१ × १७५३. ४४००१७ = २९ × १५१७३. ४४००२९ = १३१ × ३३५९. आणि ४४००११ तर अवयवांनी भरलेली: ११ × १३ × १७ × १८१.

अंकांची बेरीज ९ आहे, तर ही संख्या शुभ आहे का? या पिनकोडमध्ये घर घ्यावं का?

दर नवव्या संख्येला ९ ने भाग जातो. जीपीओपासून नऊ-नऊ पुढे जात राहिलं की ४४००१०, ४४००१९, ४४००२८ असे येतच राहतात. त्यात शुभ-अशुभ काही नाही. घर घेताना पाणी किती वेळ येतं ते विचारा.

पिनकोड लिहिताना एक अंक चुकला तर गणिताने कळतं का?

नाही. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून ठरवलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला की संगणकाला कळतं. पिनकोडमध्ये असा तपासणी अंक नाही. ४४००१० च्या जागी ४४०००१ लिहिलं तर दोन्ही खरेच पत्ते आहेत, आणि अंकांची बेरीजही तीच.

ही खरंच "मोठी" संख्या म्हणायची का?

हाताने काम करणाऱ्यासाठी हो. दोनच्या पायावर ती ११०१०११०११०११०००००१ अशी एकोणीस अंकांत मावते. बँकेचे व्यवहार गुप्त ठेवायला दोनच्या पायावर २०४८ अंकी संख्या सर्रास वापरतात, आणि त्यांचे अवयव कोणाला काढता येत नाहीत यावरच ती सुरक्षितता उभी आहे. २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, चार कोटींहून जास्त अंकांची आहे. पण ४८८८९ साठी आपण केलेले सत्तेचाळीस भागाकार आणि ते मोठं काम यांत प्रश्न एकच आहे, "हिला भाग जातो का?"

परीक्षेत याचा उपयोग?

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत विभाज्यतेच्या कसोट्या, अवयव, मसावि-लसावि, पायथागोरसचं त्रिकुट हे सगळं येतं आणि इथे त्याचा भरपूर सराव होतो. पण फक्त तेवढ्यासाठी मुलाला बसवलं तर ते कंटाळेल.

आमच्या पिनकोडचं आम्ही कसं करावं?

आधी २, ३, ५, ११ च्या कसोट्या लावा. ४४०० ने सुरू होणाऱ्या कोडला एक सोय आहे: ४४०००० ला ११ ने भाग जातो, त्यामुळे फक्त शेवटचे दोन अंक पाहिले तरी ११ चा निकाल कळतो. प्रतापनगरचा ४४००२२ घ्या. २२ आहे, म्हणजे २ आणि ११ दोन्हींनी भाग जाणार: २२ × २०००१. पुढे २०००१ ची अंकबेरीज ३, म्हणून ३ × ६६६७. आता ६६६७ चं वर्गमूळ ८१ च्या पुढे, तेव्हा ७९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरेत. ७, १३, १७… करत जा. ५९ वर भाग जातो आणि ११३ उरतो. ४४००२२ = २ × ३ × ११ × ५९ × ११३. सीताबर्डीचा ४४००१२ चटकन सुटत नाही: ४ बाहेर काढल्यावर ११०००३ उरते, तिला ४१ ने भाग जातो आणि २६८३ मिळते. ती मूळ आहे का, हे ठरवायला ५१ पर्यंतच्या मूळ संख्या लागतील. तेवढं तुम्ही करा.